देवमाशाची उलटी आणि माझी

आधीच सांगून टाकते: मला बोट लागली. हर्णैला बालपण गेलेल्या बाईला बोट लागली, आणि सदाशिव पेठेत आयुष्य काढलेल्या, पानशेतला पाय बुडवायलाही घाबरणाऱ्या माझ्या नणंदेला काहीसुद्धा झालं नाही. ही बातमी माझ्याआधी ठाण्याला पोचली होती, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

माझे वडील हर्णैला पोस्टमास्तर होते. पोस्टामागच्या दोन खोल्यांत आम्ही सात वर्षं राहिलो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव, होड्यांवरचा माल आणायला थेट पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्या, समोर सुवर्णदुर्ग. एवढ्या भांडवलावर पुढची पंचेचाळीस वर्षं मी ‘आम्ही समुद्राची माणसं’ म्हणून मिरवत आले. सासरी कुणी पापलेटाचे डोळे न बघता पापलेट आणलं की माझं भाषण ठरलेलं. त्यामुळे दिवाळी आटपल्यावर मॉरिशसला जायचं ठरलं आणि नवऱ्याने व्हेल बघायची बोट बुक केली, तेव्हा ताईंनी, म्हणजे याच नणंदेने, पर्समधून अ‍ॅव्होमिनची पट्टी काढली, तर मी म्हटलं, “मला कशाला? तुम्ही घ्या.” त्यांनी घेतली. मी सकाळी पाच वाजता चहाबरोबर उरलेल्या फराळातल्या चार चकल्या खाल्ल्या.

१ नोव्हेंबर. टॅक्सी साडेपाचला आली. आम्ही पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला उतरलो होतो आणि बोट ब्लॅक रिव्हरहून सुटणार होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. ड्रायव्हर साठीचा, हसरा, आरशाला छोटा गणपती टांगलेला. आमचं आपसातलं बोलणं थोडा वेळ ऐकून त्याने विचारलं, “मराठी?” आणि मग छातीवर हात ठेवून, “मी पण मराठी.” तो कास्काव्हेलचा. तिथे मराठी लोकांची बरीच वस्ती आहे, हे आम्ही नुसतं वाचलं होतं. घरात तो क्रिओल बोलतो, मराठी शाळेत शिकला, त्यातली आता मोजकी वाक्यं उरलीत. पण गणपतीची आरती अख्खी पाठ. ‘सुखकर्ता’ सुरू केली ती थेट ‘दास रामाचा’पर्यंत, मध्ये एकदाही न अडखळता. उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे. गणेश चतुर्थीला तिकडे देशभर सरकारी सुट्टी असते, आणि त्यांच्याकडे गणपतीत झाकरी नाचतात म्हणाला. ताईंना कळेना. मला कळलं. आमच्या रत्नागिरीकडची जाखडी! मी सीटवरच उडाले. “तुमचे लोक कुठले?” तर म्हणाला, “रत्नागिरी.” गावाचं नाव? ते कुणाला माहीत नाही. जहाजावर चढताना कागदावर जे लिहिलं गेलं ते आडनाव, आणि गाव समुद्रात राहिलं. हे त्याने इतक्या सहज सांगितलं की पुढे काय बोलावं ते आम्हाला सुचेना.

धक्क्यावर बारा माणसांची स्पीडबोट. दोन बाजूंना बाक, डोक्यावर कापडी छत, मागे दोन इंजिनं. रियुनियन बेटावरून आलेलं एक चौकोनी कुटुंब, एक फ्रेंच म्हातारं जोडपं, तोफेएवढा कॅमेरा घेतलेली एक जर्मन मुलगी, आणखी दोघं आणि आम्ही तिघं. कॅप्टन उंच, काळाकुळकुळीत, कमी बोलणारा. आमच्याकडे होडीवर तांडेल असतो ना, तसाच. त्याने लाइफजॅकेटं वाटली, मग माझ्याकडे बघून विचारलं, “उलटीची गोळी?” मी मान हलवली. नाही.

पहिला अर्धा तास टामारिनच्या खाडीत डॉल्फिन. (टामारिन म्हणजे चिंच. चिंचेच्या नावाचा उपसागर, हे मला फार आवडलं.) डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात, आणि मुरुड-हर्णैच्या समुद्रात मी ते लहानपणी किनाऱ्यावरून पाहिलेत, तेव्हा त्याचं मला अप्रूप नव्हतं. पण हे स्पिनर जातीचे, हवेत गिरकी घेणारे. एकाने घेतली. दीड गिरकी, छपाक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की त्या चाळीस-पन्नास डॉल्फिनांभोवती आमच्यासारख्या निदान पंधरा बोटी होत्या. ते ज्या दिशेला वळतील तिकडे बोटी वळायच्या, पुढे जाऊन माणसं पाण्यात टाकायच्या, पायात पंख घातलेली माणसं चार हात मारेपर्यंत डॉल्फिन पुढे. हे प्राणी रात्रभर खोल पाण्यात शिकार करतात आणि सकाळी उथळ खाडीत येतात ते विश्रांतीला. म्हणजे आम्ही रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या बेडरूममध्ये वाजंत्री घेऊन शिरलो होतो. आमच्या कॅप्टनने कुणालाच पाण्यात उतरवलं नाही. पाच मिनिटं लांबून दाखवलं आणि बोट बाहेर काढली. पैसे वसूल न झाल्यासारखं रियुनियनच्या मुलाचं तोंड झालं होतं. मला मात्र कॅप्टनबद्दल आदर वाटला, आणि तो पुढे कामाला आला.

मॉरिशसभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आत पाणी फिक्कं हिरवं, ताटात वाढल्यासारखं शांत. भिंतीला मध्ये खिंड असते, तिथून बोट बाहेर पडते आणि पाण्याचा रंग एकदम दौतीतल्या शाईसारखा होतो. बेट ज्वालामुखीचं, त्यामुळे समुद्राचा तळ उतरत जात नाही, कड्यासारखा कोसळतो. थोड्याच अंतरावर हजार मीटरहून जास्त खोली. आणि म्हणूनच स्पर्म व्हेल इथे किनाऱ्याच्या एवढ्या जवळ, बारा महिने सापडतात. त्यांचं खाणं, म्हणजे माखूल (स्क्विड), एवढ्या खोलवर राहतं. दुसरे, पाठीवर वशिंड असल्यासारखे दिसणारे हंपबॅक, ते दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रातून साधारण जुलै ते ऑक्टोबर इथे येतात. त्यांचा हंगाम आमच्या नशिबी थोडक्यात हुकला.

खिंडीबाहेर पडल्यावर दक्षिणेकडून एक लांब, आळशी लाट येत होती. फेसाळणारी नाही. नुसतं पाणी वर उचलायचं, सावकाश खाली ठेवायचं. मी किनाऱ्यावरून आयुष्यभर लाटा पाहिल्या त्या फुटणाऱ्या. फुटणारी लाट तुमच्याकडे येते आणि संपते. ही संपत नाही.

अर्ध्या तासाने कॅप्टनने इंजिन बंद केलं, एका वायरला बांधलेला माइक पाण्यात सोडला आणि छोट्या स्पीकरचं बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग टक्. टक्. टक्. टक्. एका लयीत, सेकंदाला एखाद-दोन.

माझ्या अंगावर काटा आला, पण व्हेलमुळे नाही. तो आवाज मी ऐकलेला होता. हर्णैच्या पोस्टात तारयंत्र होतं. दुपारी जेवून आम्ही मागच्या खोलीत पडलेलो असायचो आणि पुढे वडील तार लावत असायचे. कट्ट, कट्ट-कट्ट. त्या आवाजावर मी झोपत असे. आता तोच आवाज हिंदी महासागराच्या तळातून येत होता. हे मी नवऱ्याला सांगायला वळले आणि त्याच क्षणी पहिली मळमळ आली. इंजिन चालू असताना बोट लाट कापते, बंद झालं की लाट बोटीला पाळण्यात घालते. मी क्षितिजाकडे बघा, लांबचा डोंगर बघा, सगळं केलं. डोंगरसुद्धा खाली-वर होत होता.

कॅप्टन मोडक्या इंग्रजीत समजावत होता. व्हेल आवाज सोडते आणि परत येणाऱ्या पडसादावरून अंधारात माखूल शोधते. टकटक घाईची झाली, दार करकरल्यासारखी लागली, की समजायचं शिकार जवळ आहे. आणि एकदम थांबली की समजायचं वर येतेय. “सायलेन्स, देन रेडी,” म्हणाला. वर यायला पाचदहा मिनिटं, वर श्वास घ्यायला तितकीच, आणि पुन्हा गेली की पाऊण तास दर्शन नाही.

टकटक थांबली. सगळे उभे राहिले. मी बसूनच.

“काशालो!” कॅप्टन ओरडला. स्पर्म व्हेलचं फ्रेंच नाव. मी पाहिलं ते असं: दोनेकशे मीटरवर एक ओंडका. पावसाळ्यात खाडीला वाहून येतो तसा, करडा-तपकिरी, सुरकुतलेला. आणि त्या ओंडक्याच्या पुढच्या टोकातून वाफेचा झुबका, सरळ वर नाही, तिरका, पुढे डावीकडे झुकलेला. हिचं नाकपुडं डाव्या बाजूला असतं, एकच. लांबून बाकी काही दिसलं नाही तरी या तिरक्या फवाऱ्यावरून जात ओळखतात. फवाऱ्याचा आवाज थोडा उशिरा पोचायचा. रेल्वेने ब्रेक सोडल्यावर येतो तसा फुस्स. असे मी नऊ मोजले. दहाव्याला मी कठड्यावरून वाकले.

आणि तेव्हाच तिने पाठीची कमान केली, शेपूट आभाळात उचललं आणि सरळ खाली गेली. म्हणे. अकरा माणसांनी एकदम “आऽऽ” केलं तो आवाज मी ऐकला. मी पाण्याकडेच बघत होते, फक्त चुकीच्या बाजूच्या. चार चकल्या हिंदी महासागरास अर्पण.

ताईंनी पाठीवर हात फिरवला, रुमाल ओला करून दिला, आणि मला बरं वाटतंय असं दिसल्यावर म्हणाल्या, “व्हेलच्या उलटीला कोटी-कोटी रुपये मिळतात म्हणे. तुझी जाते का बघू कुठे.”

आमच्या ठाण्या-रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत ही बातमी सारखी असते: व्हेल माशाची उलटी विकायला आलेले इतके-इतके जण अटकेत. बोटीवर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी ताईंना त्यावर व्याख्यान दिलं (बोलत राहिलं की मळमळ विसरते). ती याच व्हेलची. तिला अंबर म्हणतात. माखलाची चोच पचत नाही, ती आतड्यात टोचू नये म्हणून भोवती मेणासारखं काहीतरी साचत जातं, आणि तेही थोड्याच व्हेलच्या पोटात. पूर्वापार अत्तरवाले वास टिकवायला वापरत आले. आतड्यात होतं म्हटल्यावर बाहेर कुठून पडत असेल याचा तुम्हीच विचार करा; उलटी हा शब्द बातमीत छापायला बरा म्हणून असावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे तिची खरेदी-विक्रीच नव्हे, नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. “म्हणजे किनाऱ्यावर सापडलं तरी उचलायचं नाही?” ताई. “नाही.” “मग तुझंच बरं.”

खरी कसोटी पुढे होती. पाऊण तास थांबायचं. इंजिन बंद. ऊन चढलेलं, डिझेलचा वास, पाळणा चालू. फ्रेंच आजी डोळे मिटून बसल्या होत्या. जर्मन मुलगी हिरवी पडली, आणि तोफ खाली ठेवून माझ्या शेजारच्या कठड्यावर आली. आम्ही दोघींनी एकमेकींना नावं न विचारता एकमेकींचे केस धरले. दोन देशांत एवढी मैत्री दूतावास करत नसेल. ताईंच्या पर्समधून मग आलेपाकाच्या वड्या निघाल्या. त्या बोटभर फिरल्या, कॅप्टनने दोन घेतल्या. ताई तिथून पुढे बोटीच्या मालकीण असल्यासारख्या वावरल्या.

मी अर्धवट आडवी पडून विचार करत होते की हर्णैच्या सात वर्षांत मी होडीत किती वेळा बसले? सुवर्णदुर्गावर जायला दोनदा. पाच-दहा मिनिटांची वाट. बस्स. बाकी सगळा समुद्र मी पोस्टाच्या ओट्यावरून पाहिला. लिलावाला येणाऱ्या कोळणी तोंडाच्या फटकळ होत्या, पण समुद्राच्या बढाया मारताना मी त्यांच्यातल्या एकीलाही ऐकलं नाही. त्यांचे नवरे आणि मुलगे त्या पाण्यावर होते. मारायची ती बढाई पोस्टमास्तरांच्या मुलीने मारली.

दुसऱ्यांदा मात्र मी पाहिलं, आणि शेपटापेक्षा जास्त पाहिलं असं माझं मत आहे. दोन ओंडके शेजारी शेजारी होते, एक मोठा, एक त्याच्या तिसरा हिस्सा. कॅप्टनने लांबच थांबवलं. व्हेलजवळ पाण्यात उतरायला पर्यटकांना परवानगी नाही, आणि पिल्लू असताना तर मी बोटसुद्धा पुढे घेत नाही, म्हणाला. पिल्लाला खोल बुडी मारता येत नाही. आई माखलामागे हजार मीटर खाली गेली की ते वर एकटं राहतं, म्हणून कळपातली दुसरी मादी त्याच्याजवळ थांबते. मग ही खाली जाते, ती वर येते. नर मोठे झाले की थंड समुद्रांकडे निघून जातात. इथे असतात त्या आया, मावश्या, आज्या आणि पोरं. ताई म्हणाल्या, “म्हणजे पाळीपाळीने सांभाळायचं. आमच्या वाड्यातच होतं की असं.” आता जी पिल्लाशेजारी होती ती आई की मावशी, कॅप्टनलाही सांगता येईना. पिल्लाचा फवारा छोटा होता, केटलीच्या वाफेएवढा. मोठीचा एक, मग याचा एक. पुन्हा मोठीचा एक, मग याचा.

मला गणपतीपुळ्याचं पिल्लू आठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन दिवाळीत ते किनाऱ्यावर आलं होतं. लोकांनी पाणी मारमारून त्याला ओलं ठेवलं, शेवटी टगबोट आणून दोराने खोल पाण्यात ओढून नेलं. आम्ही घरी टीव्हीसमोर बसून हात जोडत होतो. तरी ते जगलं नाही. तेव्हा मला फक्त ते पिल्लू दिसलं होतं, वाळूवर आडवं, खूप मोठं. त्याच्या बाजूला नेहमी कोण असायचं, हे इथे दिसलं. मी दहा मिनिटं एकदाही कठड्यापलीकडे वाकले नाही.

मग बोट वळली आणि प्रवाळाच्या भिंतीच्या आत शिरली. पोट त्याच क्षणी शांत झालं, जणू कुणी स्विच बंद केला.

जेवण इल-ओ-बेनितिए नावाच्या बेटावर. बेनितिए म्हणजे चर्चमधलं पवित्र पाण्याचं भांडं, तोच शब्द एका अवाढव्य शिंपल्याला, कारण त्या शिंपल्यांची भांडी करत. बेटावर शिंपले दिसले नाहीत. सुरू दिसली. मुरुडच्या किनाऱ्यावर आहेत तशीच सुरूची झाडं, तसाच त्यांचा सूंऽऽ आवाज, खाली तशाच टोचणाऱ्या सुया. फोटोतलं ‘उष्णकटिबंधातलं स्वर्गीय बेट’ बघायला सहा तास विमानात बसून आले आणि दापोली तालुक्यात पोचले. पाणी मात्र नाही तसं. गुडघाभर, कोमट, आणि पायाची नखं दिसतील इतकं स्वच्छ.

स्वर्गात गर्दी होती. प्रत्येक बोटीची आपली जाळी, आपले निखारे, आपलं कोंबडीचं भुजणं. रंगीत पंचे विकणाऱ्या बायका, रम ओतलेले नारळ. कुठेतरी रावान वाजत होतं, त्यांचं बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफ, आणि त्यावर सेगा गाणं. जेवण मला जमलं नाही. पावाचा तुकडा आणि अननस. अननस कोयरीसारखा कातरून, देठ धरून, वर मीठ-तिखट. तो मात्र दोन खाल्ले. नवऱ्याने मार्लिनचा तुकडा खाऊन “सुरमईची सर नाही” असा निकाल दिला, जो मी द्यायला हवा होता, पण त्या दिवशी माझा अधिकार गेलेला होता.

परतताना पाण्यातून एकटाच वर आलेला क्रिस्टल रॉक नावाचा प्रवाळाचा खडक दाखवतात. फोटोला बरा. त्याच्यामागे ल मॉर्नचा डोंगर, ५५६ मीटर, तिन्ही बाजूंनी कडा. पळून आलेले गुलाम तिथे वर लपून राहायचे. गुलामी १८३५ मध्ये संपली, तेव्हा सुटकेची बातमी सांगायला शिपाई वर चढले, आणि पकडायला आले असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कॅप्टनने ती सांगताना इंजिन बंद केलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. ताईंनी विचारलं, “तो पाण्याखालचा धबधबा कुठेय?” तो फक्त वरून, हेलिकॉप्टर-विमानातून दिसतो; वाळू घसरत जाते तिचा भास आहे. ताईंना फसवल्यासारखं झालं.

धक्क्यावर आमचा ड्रायव्हर थांबलेलाच होता. माझा चेहरा बघून त्याने काही न विचारता काच खाली केली. उद्या सुट्टी आहे म्हणाला, २ नोव्हेंबर. १८३४ मध्ये या तारखेला ‘ॲटलस’ जहाजातून मजूर उतरले, त्याची आठवण. गुलाम सुटणार, मग ऊस कोण तोडणार, म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसं आणली. पुढे ती साडेचार लाखांच्या वर गेली. बहुतेक बिहारकडची, थोडी आपली, मुंबई बंदरातून चढलेली. मी विचारलं, तुम्ही कधी समुद्रात जाता का, व्हेल बघायला वगैरे? तो हसला. “नाही, नाही. मला बोट लागते.”

हे शेवटचे तीन शब्द त्याने मराठीत म्हटले. आज्जी असंच म्हणायची, म्हणाला. ती ज्यांच्याकडून शिकली असेल त्यांना बोट किती दिवस लागली असेल, याचा हिशेब मी फ्लिक-आँ-फ्लाक येईपर्यंत करत होते.

संध्याकाळी ताईंनी व्हिडिओ दाखवला. त्यांचा हात अजिबात हललेला नाही, गोळीचा परिणाम. शेपूट फार सुंदर आलंय: दोन पाती, त्यावरून निथळणारं पाणी, मागे धूसर डोंगर, आणि मग सावकाश, पाणी न उडवता, आत. खाली डाव्या कोपऱ्यात भगव्या लाइफजॅकेटमधली एक पाठ आहे, वाकलेली, दोनदा हलते. मी म्हटलं, तेवढं कापून टाका. ताई म्हणाल्या, “अगं, कापलं तर शेपटाचं टोक जातं.” फॅमिली ग्रुपवर तो तसाच पडला आहे.